जुने एसी काढायचे आहेत, पण आतला गॅस हवेत सोडायचा नाही. सोलापुरात काय करावं? मदत हवी आहे

माळवद:

नमस्कार मंडळी. होटगी रोडला आमचं मंगल कार्यालय आहे. सासऱ्यांनी उभं केलं, गेली चार वर्षं हिशेब आणि देखभाल माझ्याकडे आहे. वधू-वर पक्षाच्या खोल्यांत सहा आणि जेवणाच्या हॉलमध्ये पाच असे दीड टनाचे ११ स्प्लिट एसी आहेत, सगळे २०१२ सालचे. आउटडोअरच्या पट्टीवर आतल्या गॅसचं नाव आणि वजन लिहिलंय: आर-२२, १.१५ किलो.

लग्नसराई तोंडावर आली की दर वर्षी यातले चार-पाच गार करायचे थांबतात. मेकॅनिक येतो, गॅस भरतो, पैसे घेऊन जातो. यंदा तो म्हणाला, "ताई, बावीसचा गॅस लई महागलाय. २९० भरून देतो, निम्म्यात काम होतंय. न्हाईतर सगळे भंगारात काढा." म्हणून भंगारवाल्याला बोलावलं. त्याने भाव सांगितला, तो पटलाही. सहज विचारलं, आतल्या गॅसचं काय करता? म्हणाला, "पाइप कापला की फुस्स करून जातोय. हवाच हाय की ती."

तिथे माझं पाऊल अडलं. मागच्या मे महिन्यात पारा ४३ च्या वर होता, आमचे दोन वाढपी पंगतीत भोवळ येऊन पडले. ज्या उन्हापासून पाहुण्यांना वाचवायला ही मशीनं लावली, तोच उन्हाळा वाढवणारा गॅस मी पैसे मोजून आकाशात सोडत आले आहे का? काल रात्री पाच वर्षांच्या पावत्या काढून बसले. ११ मशीनना मिळून २७ वेळा गॅस भरलाय. किती किलो, ते एकाही पावतीवर नाही. नुसतं 'गॅस फिलिंग'.

मला तीन गोष्टी कळायला हव्यात. हा गॅस सुरक्षित काढून घेणारं कोणी असतं का? मेकॅनिक म्हणतो तो २९० भरावा का? आणि नवीन घ्यायचे तर कोणत्या गॅसचे? अक्षय्य तृतीयेला पहिलं लग्न आहे, हाताशी तीन आठवडे आहेत.

जुना_मेकॅनिक:

ताई, आधी २९० चं सांगतो, कारण त्यात जिवाला धोका आहे. आर-२९० म्हणजे प्रोपेन, आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या गॅसचा सख्खा भाऊ. तो वाईट नाही. त्यासाठीच बनवलेले एसी आपल्या देशात २०१२ पासून मिळतात, ओझोनला त्याचा काहीच त्रास नाही आणि हवा तापवण्यातही तो नगण्य आहे. पण त्या मशीनमध्ये गॅस मोजून थोडाच असतो आणि ठिणगी पडू शकेल असे विजेचे भाग वेगळे बनवलेले असतात. तुमच्या २०१२ च्या आर-२२ मशीनमध्ये यातलं काही नाही. वर तुमची मशीनं लिक आहेत हे तुम्हीच लिहिलंय. बंद खोलीत नवरीचं आवरणं चाललंय, दहा बायका बसल्यात, कोपऱ्यात निरांजन आहे आणि कॉइलमधून प्रोपेन गळतोय, हे डोळ्यांसमोर आणा. अजिबात भरू देऊ नका.

दुसरं, तुमच्या २७ पावत्या. एसीतला गॅस संपत नसतो. तो काही गाडीतलं पेट्रोल नाही, बंद नळीत तोच तो फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळालाच. दर वेळी सरासरी अर्धा किलो धरा, २७ वेळा म्हणजे साडेतेरा किलो. तुमच्या ११ मशीनमध्ये मिळून गॅस मावतो १२.६५ किलो. म्हणजे पाच वर्षांत कार्यालयातला सगळा गॅस एकदा पूर्ण हवेत गेला आणि वर थोडा आणखी. भंगारवाला एकदाच सोडणार होता, आम्ही मेकॅनिक लोक हप्त्याहप्त्याने सोडतो. मीही वीस वर्षं लिकेज न काढता गॅस भरलाय, गिऱ्हाइकाला घाई असते म्हणून. आता नाही भरत.

अभ्यासिका:

माळवदताई, आकडे देते, म्हणजे घरच्यांना पटवायला बरे पडतील. आर-२२ मध्ये क्लोरिन असतो. हा गॅस हळूहळू वर ओझोनच्या थरापर्यंत पोचतो, तिथे अतिनील किरणांनी फुटतो, आणि सुटलेला क्लोरिनचा एकेक अणू ओझोनचे हजारो रेणू मोडत राहतो. मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी हे १९७४ मध्ये मांडलं, १९८५ मध्ये अंटार्क्टिकावर ओझोनचं छिद्र दिसलं आणि १६ सप्टेंबर १९८७ रोजी ओझोन वाचवण्यासाठी माँट्रियल करार झाला. भारत त्यात १९९२ ला आला. जुन्या फ्रिजमधल्या आर-१२ च्या मानाने आर-२२ ओझोनला साधारण विसावा हिस्सा घातक आहे, म्हणून त्याला सवलतीची मुदत मिळाली. तीही संपत आलीय. २०३० नंतर आपल्याकडे फक्त जुन्या मशीनच्या दुरुस्तीपुरता अगदी थोडा साठा, तोही २०४० पर्यंत. पुढे तो आणखी दुर्मिळच होत जाणार.

उन्हाळ्याचा हिशेब वेगळा. शंभर वर्षांच्या मोजणीत १ किलो आर-२२ हवेत सोडणं म्हणजे १८१० किलो कार्बन डायऑक्साइड सोडणं. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण २.३ किलो निघतो. म्हणजे एका किलोला साधारण ७८७ लिटर पेट्रोल. लिटरला ४५ किलोमीटर देणाऱ्या मोटारसायकलवर सोलापूर-पुणे जाऊन येऊन सत्तर खेपा होतील तेवढं.

नवीन घेताना पट्टीवर आर-४१०ए दिसलं तर घेऊ नका. ओझोनला तो निर्धोक आहे, पण हवा तापवण्यात आर-२२ पेक्षाही वरचढ, १८१० च्या जागी २०८८. आर-३२ चा आकडा ६७५ आहे. माँट्रियल कराराच्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीप्रमाणे हे एचएफसी गॅसही (आर-४१०ए, आर-३२ त्यातलेच) कमी करायचे आहेत. भारतात २०२८ ला वापर गोठवायचा आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के खाली आणायचा.

वाळा:

एक वेगळं विचारू? जेवणाच्या हॉलला एसी हवाच का? चार दारं सतत उघडी, वाढपी आत-बाहेर, पाचशे माणसं. तिथे एसीचा कंप्रेसर थांबतच नाही. आपला उन्हाळा कोरडा आहे, मुंबईसारखा चिकट नाही. मृग लागेपर्यंत सोलापुरात कूलर फार छान चालतो. आमच्या यंत्रमागाच्या शेडला डक्टचा कूलर आहे, वर पत्र्याला पांढरा चुना मारतो. मृगानंतर उपयोग नाही, पण तोवर तुमच्या तिथी संपत येतात. पाण्याचं मात्र बघा, टँकरचं असेल तर खर्च धरा.

बेदाणा:

आमच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला अमोनिया आहे, त्याचा ओझोनला आणि हवेला दोन्हीकडून शून्य त्रास. पण तो विषारी, माणसांच्या हॉलचं काम नाही. मी लिहितोय ते वेगळ्या कारणाने. कार्यालयाच्या स्वयंपाकघरात जुना मोठा फ्रिज आहे का? असला आणि पट्टीवर आर-१२ असेल तर तोही भंगारवाल्याला देऊ नका. आर-१२ चा आकडा १०,९०० आहे. आणि त्या काळच्या फ्रिजच्या भिंतीतला फोमसुद्धा असल्याच गॅसने फुगवलेला असतो, कूलिंगच्या नळीत असतो त्याहून जास्त तिथे असतो. भिंत फोडली की तो सुटतो.

माळवद:

सगळ्यांचे मनापासून आभार. फ्रिज आहे, सासूबाईंच्या आवडीचा, पट्टीवर आर-१२ च आहे. तो बंद करून तसाच ठेवलाय, कोणाला हात लावू देणार नाही. वाळादादा, हॉलचं तुमचं म्हणणं सासऱ्यांना लगेच पटलं. त्यांच्या लहानपणी घराच्या खिडकीला वाळ्याचे पडदे असायचे.

मेकॅनिककाका, गॅस काढून घ्यायचं नेमकं कसं, ते सांगा ना. मी उभी राहून करून घेईन.

जुना_मेकॅनिक:

ज्याच्याकडे रिकव्हरी मशीन, म्हणजे गॅस ओढून घेणारं मशीन, आणि रिकव्हरीचा वेगळा सिलिंडर आहे, तोच माणूस बोलवा. चालू मशीन असेल तर पंप डाऊन करून गॅस आउटडोअरमध्ये ओढून घेता येतो, पण पुढे तो कोणी कापला तर उपयोग काय? म्हणून सिलिंडरमध्येच घ्या. काट्यावर ठेवून घ्यायचा, ८० टक्क्यांहून जास्त भरायचा नाही, आणि उन्हात तर मुळीच ठेवायचा नाही. आपल्या उन्हात जास्त भरलेला सिलिंडर फुटू शकतो.

कॉम्प्रेसर जळालेल्या मशीनचा गॅस दुसऱ्यात मिसळू नका, त्यात आम्ल असतं. बाकीचा गाळून तुमच्याच राहिलेल्या मशीनमध्ये वापरता येतो. पण आधी लिकेज काढायचं. नायट्रोजनचं प्रेशर देऊन साबणाचं पाणी लावा, बुडबुडे दिसतील. मग व्हॅक्यूम मारायचा, म्हणजे नळीतली हवा पंपाने ओढून काढायची, आणि मगच गॅस, वजनावर. पावतीवर ग्रॅम लिहून घ्या, हे सगळ्यात महत्त्वाचं.

काढलेली धडं ई-कचऱ्यात मोडतात. २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यात एसी-फ्रिज आहेत. नोंदणी असलेल्या रिसायकलरलाच द्या, त्याचा नोंदणी क्रमांक मागा.

माळवद (दहा दिवसांनी):

काम झालं म्हणून लिहिते. चौघांना फोन केले, तिघांकडे रिकव्हरी मशीन नव्हतं. चौथे अशोक चौकातले एक अण्णा, ते सकाळी सातला आले. हॉलचे पाच आणि खोल्यांतले दोन असे सात काढले. एकाचा कॉम्प्रेसर जळालेला निघाला, त्याचा गॅस वेगळा घेतला. उरलेल्या सहांत पट्टीप्रमाणे ६.९ किलो असायला हवा होता, काट्यावर आला ४.३. वजन लिहिताना अण्णा म्हणाले, "इतके वर्ष अंदाजपंचे चाललं बघा."

राहिलेल्या चार मशीनपैकी तिघांत गळती कुठे होती माहितीय? आउटडोअरच्या फ्लेअर नटला, म्हणजे पाइप जोडायच्या नटला. पाइपाची टोकं नव्याने फ्लेअर करून (पसरट करून) नट आवळले, एकेकाला अर्धा तासही लागला नाही. २७ पावत्यांपैकी कितींचं मूळ एवढंच होतं कोण जाणे, मला त्या रात्री झोप आली नाही. चौथ्याची इनडोअर कॉइल बदलावी लागली. चारही मशीन त्याच ४.३ किलोतून वजनावर भरल्या, फक्त ३०० ग्रॅम विकतचा घ्यावा लागला. दोन खोल्यांना आर-३२ चे नवीन एसी, हॉलला डक्टचे कूलर.

एक गोष्ट अडली आहे. जळालेल्या मशीनचा ८०० ग्रॅम गॅस सिलिंडरमध्ये आहे. अण्णा म्हणतात, हा परत वापरायचा नाही, प्रचंड तापमानाच्या भट्टीत नष्टच करावा लागतो आणि ते काम इथे होत नाही. सिलिंडर सध्या भांड्यांच्या खोलीत सावलीत ठेवलाय, वर वजन आणि तारीख लिहिलीय. फ्रिजही तिथेच आहे. सोलापूर नाहीतर पुण्याकडचा नोंदणी असलेला कोणी हे दोन्ही घेत असेल तर सांगा, टेम्पोचं भाडं मी देईन.