मदत हवी आहे: १९६१ च्या रेडिओ मुलाखतीतले दोन शब्द

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनगटासाठी मी अमेरिकेतला कृष्णवर्णीय लेखक जेम्स बाल्डविन याची एक मुलाखत मराठीत उतरवते आहे. १९६१ साली शिकागोच्या डब्ल्यूएफएमटी रेडिओवर स्टड्स टर्केल यांनी ती घेतली. तिच्यात ब्लूज गायिका बेसी स्मिथचं गाणं वाजतं आणि बाल्डविन सांगतो, की स्वित्झर्लंडमधल्या डोंगराळ खेड्यात आपण पहिली कादंबरी पूर्ण केली तेव्हा सोबत फक्त टाइपरायटर आणि बेसीच्या दोन रेकॉर्डी होत्या. ज्या बोलण्याची लहानपणी लाज वाटायची, ते त्याला त्या रेकॉर्डींतून परत सापडलं. हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. घरची बोली शाळेच्या दाराशी ठेवून आत गेलेली माणसं आपल्याकडे काय कमी आहेत?

मी अडलेय ती शब्दांवर. बाल्डविन स्वतः 'नीग्रो' म्हणतो. आज तो शब्द अपमानकारक आहे, पण 'कृष्णवर्णीय' लिहिलं की १९६१ साल पुसलं जातं. मूळ शब्द ठेवून टीप द्यावी का?

दुसरा शब्द 'प्रीचर'. बाल्डविन चौदाव्या वर्षापासून न्यूयॉर्कमधल्या हार्लेम वस्तीतल्या चर्चमध्ये उपदेश करायचा. 'धर्मोपदेशक' फार कोरडं वाटतं, 'कीर्तनकार' म्हटलं की टाळ-मृदंग ऐकू येतात. मराठी ख्रिस्ती घरांत काय म्हणतात, कृपया सांगा.

आणखी एक. दया पवार किंवा हमीद दलवाई यांचं रेडिओवरचं बोलणं कुणाकडे कॅसेटवर आहे का? बाल्डविनच्या शेजारी मला ते ऐकवायचं आहे.