डोलो संपलो की संपली?

गुहागरहून
गणपतीत घर भरलेलं. तिसऱ्या दिवशी वहिनीला कणकण आली. कुवेतहून आलेल्या दादाने बॅगेतली पॅनाडोल काढून दिली. तासाभराने आईने, तिला कुठे ठाऊक, वर क्रोसिन दिली. अमेरिकेतला भाचा दोन्ही पाकिटं उलटीपालटी करून म्हणाला, "हे दोन्ही म्हणजे टायलेनॉलच की!" वहिनीला काही झालं नाही, पण एकाच औषधाला इतकी नावं आली कुठून? आणि आपल्याकडे त्याला शब्द कोणता?

चिपळूणहून
गंमत म्हणजे यातली बरीच नावं एकाच ताग्यातून बेतलेली आहेत. औषधाचं रासायनिक नाव एन-ॲसिटाइल-पॅरा-अमिनोफिनॉल. त्यातला 'पॅरा', 'ॲसिट', 'आम' आणि शेवटचा 'ऑल' घेतला की पॅरासिटामॉल. 'ॲसिट', 'अमिनो', 'फेन' घेतलं की अमेरिकेतलं ॲसिटॅमिनोफेन. उरलेल्या चिंध्याही वाया गेल्या नाहीत: 'ॲसिटाइल'मधला 'टाइल' आणि 'फिनॉल'मधला 'एनॉल' जोडून 1955 साली टायलेनॉल झालं. पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये पॅनाडोल आलं. त्यातला 'डोल' मात्र वेगळ्या घरचा. लॅटिनमध्ये वेदनेला डोलॉर म्हणतात. फ्रान्सचं डोलिप्रान आणि आपली डोलो यांतही तोच आवाज ऐकू येतो. इटलीत हेच औषध ताकिपिरिना, फिलिपिन्समध्ये बायोजेसिक. क्रोसिन म्हणजे खरं तर केशराच्या रंगद्रव्याचं नाव, पण गोळीत केशराची काडीसुद्धा नाही.

ब्रिटनमध्ये कॅलपॉल म्हटलं की लहान मुलांचं गोड पातळ औषध डोळ्यापुढे येतं, आपल्याकडे त्याच नावाची मोठ्यांची गोळीही मिळते. म्हणून परगावी नाव सांगू नये, पाकिटावरचं बारीक अक्षरातलं पॅरासिटामॉल शोधावं. हे आईला जरूर सांगा. दोन नावांनी एकच औषध दुप्पट पोटात गेलं तर त्रास यकृताला होतो, आणि तो लगेच कळत नाही.

मालवणहून
मराठी शब्द? 'तापाची गोळी'. आणखी काय हवं? मला मात्र लिंगाचं कोडं पडतं. क्रोसिन घेतली, पॅनाडोल घेतली, मागे ॲनासिनसुद्धा घेतलीच जायची. नाव कुठलंही असो, मनात 'गोळी' असते म्हणून सगळ्या बायका. पण 'पॅरासिटामॉल घेतलं' म्हणणारेही आहेत, त्यांच्या मनात 'औषध' असावं. आमच्या आजीने तर तिसराच मार्ग काढला. मालवणीत घोडो, आंबो, डोळो हे सगळे पुल्लिंगी, मग डोलो तरी बाईमाणूस कसा होईल? ती फडताळ उघडून म्हणते, "डोलो संपलो!" व्याकरण तिच्याच बाजूने आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, आजीच्या डोळ्याला काहीतरी झालं.

चिपळूणहून
आजीला नमस्कार! ॲस्पिरिनचीही अशीच कथा, फक्त कोर्टकचेरीची. अमेरिकेत ते नाव सगळ्यांचं झालं, जर्मनीत आणि कॅनडात अजून कंपनीच्या मालकीचं आहे. आपल्याकडे टूथपेस्टला सरसकट कोलगेट म्हणतात, त्यातलंच.

गुहागरहून
आईने औषधांच्या डब्याच्या झाकणावर कागद चिकटवलाय. तिचंच अक्षर: "पॅनाडोल, क्रोसिन, डोलो. एक दिली की बाकीच्या बंद. आणि मला विचारून."