दोन स्टेटचा डीएफए जे करतो ते क्वांटम ऑटोमॅटनला का जमत नाही?

प्रश्न:
अक्षरं दोनच, अ आणि ब, आणि शेवटी अ असलेल्या सगळ्या स्ट्रिंग ओळखायच्या. डीएफए, म्हणजे एकेक अक्षर वाचत ठरावीक स्टेटमधून (अवस्थांमधून) फिरणारं साधं क्लासिकल यंत्र, त्याला दोन स्टेट पुरतात. पण कोंडाक्स आणि वॉट्रस यांनी १९९७ मध्येच दाखवलंय की वन-वे (इनपुट एकाच दिशेने वाचणाऱ्या) क्वांटम ऑटोमॅटनला, अगदी मेझर-मेनी (दर अक्षरानंतर मोजणारा) घेतला तरी, हे बाउंडेड एररने, म्हणजे चुकीची शक्यता ५० टक्क्यांहून ठरावीक अंतराने कमी ठेवून, जमत नाही. क्वांटम म्हणजे जास्त ताकद ना, मग असं कसं?

उत्तर १:
कारण विसरता येत नाही. ब आला की डीएफए आधी कुठे होता ते सोडून देतो, दोन्ही स्टेटमधून एकाच ठिकाणी येतो. युनिटरीत, म्हणजे नेहमी उलटवता येणाऱ्या क्वांटम बदलात, दोन वेगळ्या स्टेट एक होऊच शकत नाहीत. मेझर-मेनीत दर अक्षराला मोजतात खरं, पण अ‍ॅक्सेप्ट किंवा रिजेक्ट निघालं की तिथेच काम संपतं आणि उरलेला भाग पुन्हा युनिटरीनेच फिरतो, म्हणजे तीही पळवाट नाही. मोजून पुढे चालायची, क्यूबिट (क्वांटम बिट) रिसेट करायची मुभा दे, मग सगळ्या रेग्युलर लँग्वेज (डीएफए ओळखू शकतो त्या) येतात, पण वन-वेमध्ये त्यापुढे एकही नाही.

उत्तर २:
वरचं बरोबर आहे, पण खरी गंमत स्टेटच्या संख्येत आहे, ती बघच. अ ची संख्या प्राइम p ने भागली जाते का? डीएफएला p स्टेट लागतातच. इथे एक क्यूबिट घे आणि दर अ ला ३६०/p अंश फिरव. p=५ असेल तर ७२ अंश, पाच अ झाले की बरोबर मूळ जागी. दोनच अ असतील तर १४४ अंश, मोजल्यावर मूळ जागी सापडायची शक्यता म्हणजे cos चा वर्ग, साधारण ०.६५, म्हणजे चुकून हो म्हणायची शक्यता ६५ टक्के, हे काही चालणार नाही. म्हणून वेगवेगळ्या पटीत फिरणारे असे बरेच क्यूबिट सुपरपोझिशनमध्ये (एकाच वेळी अनेक स्टेटमध्ये असण्यात) एकत्र वापरायचे, आणि अंबाइनिस-फ्रेइवाल्ड्स यांनी १९९८ मध्ये दाखवलं की एकूण log p च्या पटीत स्टेट पुरतात, किती सुंदर रिझल्ट आहे हा!

प्रश्नकर्ता:
आणि टू-वे, म्हणजे इनपुटवर मागे-पुढे फिरणारा?

उत्तर १:
तिथे रेग्युलरच्या बाहेर पडता येतं. आधी अ मग तितकेच ब, हे टू-वे क्वांटम लिनिअर टाइममध्ये (इनपुटच्या लांबीच्या पटीतल्या वेळात) ओळखतो. मात्र त्यात हेड, म्हणजे इनपुट वाचणारं टोक, तेसुद्धा सुपरपोझिशनमध्ये असतं, म्हणजे इनपुट वाढेल तसे हेडच्या जागेसाठी क्यूबिट वाढतात, मला तो फायनाइट (ठरावीक मेमरीचा) म्हणणं पटत नाही. २००२ चं अंबाइनिस-वॉट्रस मॉडेल वाच, हेड क्लासिकल, क्यूबिट ठरावीक, आणि हेच काम पॉलिनोमिअल टाइममध्ये (लांबीच्या एखाद्या ठरावीक घाताच्या पटीतल्या वेळात) होतं.