मदत हवी आहे: कोसळायची फळी वेळेवर कोसळत नाही

इंदूरकर नाट्यमंडळी, गणेशोत्सवात एक प्रहसन आहे. नाटकात सगळंच बिघडत जातं, म्हणजे बिघाड अगदी ठरल्या क्षणी व्हायला हवा. तीन फुटी फळी मागे बिजागरीवर आहे, पुढून एका खिळीवर टेकलेली. विंगेतून दोरी ओढली की खिळी सुटते आणि स्टीलची भांडी खाली. पण नायलॉनची दोरी आधी ताणते, मग खिळी सुटते. तेवढ्यात वाक्य संपतं आणि हशा जातो. भांड्यांच्या वजनाने खिळी भोकात आवळतेही. मेण चोळून जरा फरक पडला. दोरीऐवजी सायकलच्या ब्रेकची तार, नळीसकट, घातली तर चालेल का? वळणावर अडकेल काय?

दुसरं, भिंतीवरची तसबीर १२ व्होल्टच्या विद्युतचुंबकावर टांगली आहे. वीज तोडली तरी उरलेल्या चुंबकत्वामुळे तसबिरीमागचा पत्रा क्षणभर चिकटून राहतो, कारण तसबीर हलकी. मध्ये कागदी टेप लावावी की मागे स्प्रिंग? टेप जाड झाली तर पकड जाते, आणि तसबीर पहिल्याच प्रवेशात पडेल.

फळीखाली नट उभा नसतो, ते पक्कं. इंदूरच्या सियागंज बाजारात खिळीसाठी गुळगुळीत सहा मिलिमीटरची सळई कुठे मिळेल, तेही सांगा.