मदत हवी आहे: लेकीचं दूध कमी करायचंय, पण घरात दूध म्हणजे अमृत

नमस्कार मंडळी. राहते गोव्यात, फोंड्याला. घरात कोंकणी, लिहायला बसले की मराठी, त्यामुळे मध्येच एखादा इकडचा शब्द आला तर सांभाळून घ्या.

लेक २२ महिन्यांची. गेल्या महिन्यात तुळशीवृंदावनाचा चुना नखाने खरवडून तोंडात घालताना तिला दोनदा पकडली. पहिल्यांदा ओरडले, दुसऱ्यांदा चापट दिली (आता फार वाईट वाटतंय). लसीला गेलो तेव्हा डॉक्टरांच्या कानावर सहज घातलं, तर त्यांनी लगेच पापणी खाली ओढून पाहिली आणि रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन ८.९, म्हणजे बरंच कमी. मग विचारलं, दिवसाला दूध किती? २४० मिलीच्या ४ बाटल्या, म्हणजे ९६० मिली. आकडा उच्चारताना माझं मलाच कसंतरी झालं.

डॉक्टर म्हणाले, अर्ध्या लिटरच्या वर नको. दुधात लोह जवळजवळ नसतं, त्यातलं कॅल्शियम बाकीच्या खाण्यातलं लोहही नीट अंगी लागू देत नाही, आणि पोट भरलेलं असल्यावर ती जेवणार कशाला? लोहाचे ड्रॉप्स दिलेत.

आता खरी अडचण. मी सकाळी ८ ला घर सोडते ते संध्याकाळी साडेसहाला परत. मधला सगळा दिवस सासूबाईंचा. मायेत कुठेच कमी नाहीत, पण त्यांच्या लहानपणी सात भावंडांच्या घरात दूध आलं ते चहापुरतं, त्यामुळे नातीला बाटली भरून देताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो. काही बोललं की एकच उत्तर: 'दूद पियेता मगे, आनी कितें जाय?' (दूध पितेय ना, आणखी काय हवं?) त्यांना कसं सांगू? कुठली बाटली आधी बंद करू? आणि ड्रॉप्स सुरू केल्यापासून शी काळीकुट्ट होतेय, ते चालतं का?

उकडेतांदूळ: अगो, माझ्या मुलाचं अगदी हेच झालं होतं, फक्त तो माती खायचा. लोह कमी झालं की माती, चुना, खडू असलं काहीबाही खावंसं वाटतं, तेव्हा चापटीचा उपयोग नाही. लोह भरलं की आपोआप सुटतं.

रात्रीच्या बाटलीला आत्ता हात लावू नकोस, तिथे सगळ्यात मोठी रडारड होते. आधी जेवणाअगोदरची काढ. आमच्याकडे साडेदहाची बाटली साडेबाराचं जेवण मारायची. ती बंद केली आणि उरलेलं दूध जेवणानंतर, तेही पेल्यातून. पेल्यातून मुलं आपोआप कमी पितात. पहिले दोन दिवस त्याने खरोखर काही खाल्लं नाही, मी ऑफिसातून दर तासाला फोन करायचे. चौथ्या दिवशी आजोबांच्या ताटातला अर्धा पोळो (घावन) ओढून खाल्ला. भरवायला मागे धावू नका आणि मोबाईल तर नकोच. समोर ठेवा, अर्ध्या तासाने उचला.

खायला काय? उकड्या तांदळाच्या पेजेत शिजवून अगदी मऊ कुस्करलेले अळसांदे (चवळीसारखं कडधान्य; अख्खे नकोत, घशात अडकतात). तांबडी भाजी (लाल माठ), गॅस बंद केल्यावर वरून लिंबू पिळून, कारण आंबटातलं क जीवनसत्त्व भाजीतलं लोह ओढून घ्यायला मदत करतं आणि लिंबू उकळलं तर ते बरंचसं जातं. मासळी चालत असेल तर नीट शिजवून बारीक केलेल्या तिसऱ्या (शिंपल्या). लोहाच्या बाबतीत त्यांच्यापुढे पालक फिका आहे. मात्र पहिल्यांदा अगदी थोड्या द्या, काहींना सोसत नाहीत.

नाचणीवर मात्र एकटीवर भिस्त ठेवू नकोस. तिचा खरा मान कॅल्शियमसाठी. मोड काढून पीठ केलंस तर लोह जरा जास्त मिळतं. आणि तिजन (नाचणीची खीर) दुधात कोण करतं? आपल्याकडे ते नारळाच्या रसातच होतं, तेच कर. गुळाने रक्त वाढतं असं सगळे सांगतील, पण चमचाभर गुळात असून असणार किती?

बांगडाफ्राय: एकच विचारतो. आजोबा चहात बिस्किट बुडवून देतात का? आमच्याकडे सापडलेला चोर तोच होता. चहाही लोह अडवतो.

पिपेट: मी लॅबमध्ये काम करते, डॉक्टर नाही. ड्रॉप्सने शी काळी होणं अपेक्षितच आहे, घाबरू नका. दातांवर डाग पडू नयेत म्हणून ड्रॉपर गालाच्या आत मागच्या बाजूला सोडा आणि वर पाणी पाजा. दुधासोबत ते कधीच देऊ नका, दोहोंत निदान दोन तास ठेवा. हिमोग्लोबिन वर आलं की लोक ड्रॉप्सची बाटली फेकून देतात, तसं करू नका. शरीरातला साठा भरायला त्यापुढेही काही महिने लागतात, बंद कधी करायचं ते डॉक्टरच सांगतील. जंताच्या औषधाचंही त्यांना विचारा. आणि ड्रॉप्सची बाटली कपाटात, उंचावर. लहान मुलाने लोहाचं औषध एकदम जास्त प्यायलं तर ते जिवावर बेतू शकतं.

वेताळआजी: मी स्वतः सासू आहे म्हणून सांगते. रिपोर्ट पुढे नाचवून 'तुमचं चुकलं' असं म्हणू नकोस. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे सासूलाच आत पाठव, तू बाहेर बस. आणि घरी तिला एक प्रश्न विचार: तुमचा मुलगा दोन वर्षांचा असताना तुम्ही त्याला काय भरवत होतात? उत्तर मला ठाऊक आहे, पण ते तिच्या तोंडून येऊ दे.

धागाकर्ती (१६ दिवसांनी): आजी, पाया पडते. विचारलं. त्या हसल्याच. 'पेज गो, आनी कितें? दूद खंयचें?' (दूध कुठलं!) म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच पेजेचं आदण ठेवलं. डॉक्टरांकडे त्याच गेल्या होत्या, आता शेजारणीला लिंबू कधी पिळायचं ते त्याच शिकवतात. बांगडाफ्राय, बिस्किटवाला चोर आमच्याकडेही निघाला. चहा बंद, आजोबा जरा रुसलेत.

दूध ६०० वर आलंय. संध्याकाळी ४ ची बाटली अजून सुटत नाही. चुन्याकडे एकदाच गेली, तेव्हा मी नुसता हात धरून दुसरीकडे नेलं. तिसऱ्या दोनदा खाल्ल्या. आता श्रावण येतोय, घरात मासळी बंद, म्हणून विचारणारच होते, तर सासूबाई म्हणाल्या, लेकरांना श्रावण लागत नाही, तिच्यापुरतं वेगळ्या भांड्यात करू.

काल अळसांद्यांचं तोणाक (रस्साभाजी) केलं, तिचं तिखट घालायच्या आधीच बाजूला काढून. चार घास. आणि पाचव्याला स्वतःच तोंड उघडलं.

ती ४ ची बाटली कशी सोडवू, तेवढं सांगा.

उकडेतांदूळ: ४ ला अंगणात ने, हातात केळं दे. आणि बाटली आधीच माळ्यावर.