भिंत पडल्यावर पंचनामा, पडायच्या आधी जबाबदार कोण?

जांबोटीकर
परवा 'गल्लीतला मालक' यांनी लिहिलं होतं: "दर पावसाळ्यात मातीची घरं पडतात आणि लोक तहसीलदाराच्या दारात उभे राहतात. आपलं घर सांभाळणं हे मालकाचं काम. सरकारनं किती जणांच्या भिंती धरून बसायचं?" त्याखाली बऱ्याच जणांनी 'अगदी बरोबर' म्हणून टाकलं. ते वाचून झोप लागेना, म्हणून सविस्तर लिहितोय.

मालक, तुम्ही बेळगावजवळच्या खानापूरच्या पश्चिम पट्ट्यात कधी पावसाळा काढलाय का? आमच्याकडे भिंत ऐन पावसात पडेलच असं नाही. आठ-आठ दिवस झड लागते, बाहेरची बाजू फुगते, जोत्याजवळची माती सुटते, आणि मग लख्ख ऊन पडलं की त्या उन्हात भिंत तडकून बसते. म्हणून आमच्या घरातली म्हातारी माणसं पाऊस उघडला की पोरांना भिंतीकडेला झोपू देत नाहीत. हे आम्हाला कळतं. घर सांभाळायची अक्कल आमच्याकडे नाही असं समजू नका.

कळूनही घर बदलता का येत नाही, ते सांगतो. उतारा आजोबांच्या नावावर, त्यात चार भावांचा हिस्सा, एक भाऊ गोव्यात, एक पुण्यात. ई-स्वत्तूचा नऊ-अकरा, म्हणजे पंचायतीचा ऑनलाइन मिळकत उतारा, निघत नाही. तो नाही तर घरकुल नाही, बँकेचं कर्ज नाही. समजा कागद झाला आणि यादीत नाव आलं, तरी कर्नाटकच्या बसव वसती घरकुल योजनेचे 1 लाख 20 हजार. त्यात जोतं आणि चार फूट भिंत होते.

आता दुसरी बाजू बघा. 2019 च्या पुरानंतर पूर्ण पडलेल्या घराला 5 लाख जाहीर झाले. केंद्राचा निकष तेव्हा 95,100 रुपयांचा होता, कर्नाटक सरकारनं त्यात भर घातली. चांगलं केलं, मी नाव ठेवत नाही. पण उभं असलेलं धोक्याचं घर 1 लाख 20 हजारांचं आणि तेच पडलं की तेव्हा 5 लाखांचं, ही रीत कुणी घातली? माणूस भिंतीखाली गेल्यावर तिजोरी उघडते, आधी उघडत नाही.

बेळगाव तालुक्यातल्या बडाल अंकलगीला 6 ऑक्टोबर 2021 ला एक घर कोसळून सात जण गेले. मंत्री आले, सांत्वन झालं, मदत जाहीर झाली. माझा प्रश्न एवढाच आहे की पावसाच्या आधी त्या गल्लीतून फिरून 'या घरात राहू नका, तोवर इथं राहा' असं सांगायचं काम नेमकं कुणाचं होतं? पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी? तलाठी? तहसीलदार? ज्याला विचारावं तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

गल्लीतला मालक
माझं अर्धंच लिखाण उचललंत. खाली मी लिहिलं होतं की ज्याला खरंच कुणी नाही त्याला मदत मिळावी. ते सोयीस्कर गाळलंत.

2019 ला मी डोळ्यांनी बघितलंय. आमच्या पाहुण्यांच्या गावात एकाचा गोठा भरपाईच्या 'ए' गटात, म्हणजे सगळ्यात जास्त पडझडीत, बसला आणि शेजारच्या विधवा बाईचं राहतं घर सगळ्यात कमी पडझडीच्या 'सी' मध्ये गेलं. का, तर गोठेवाल्याचा मेव्हणा पंचायतीत. भरपाई वाढली की अशीच माणसं पुढं येतात. म्हणून म्हणतो, पैसे वाटणं हा उपाय नव्हे.

आणि माझं स्वतःचं ऐका. शहरात आमचा वडिलोपार्जित वाडा आहे. भाडेकरू तीन पिढ्यांचे. भाडं इतकं की घरपट्टीही निघत नाही. खोल्या सोडत नाहीत, दुरुस्तीला हात लावू देत नाहीत, कोर्टात गेलो तर तारखांवर तारखा. उद्या माडी पडली तर गुन्हा कुणावर? माझ्यावर. मग सांगा, जबाबदारीची ही भाषा मला कुणी शिकवायची?

साइट इंजिनिअर
गोठ्याची गोष्ट खरी असेल. पण तो दोष पैशाचा नाही, पाहणीचा आहे. पडझड 75 टक्क्यांच्या वर असेल तर ए, 25 ते 75 बी, 15 ते 25 सी, असा हिशेब होता. पाहणीला येणारा माणूस दारात उभा राहून नजरेनं टक्के लावतो. 70 आणि 76 मधला फरक कुठल्या टेपनं मोजणार? आणि त्या फरकावर लाखांचा खेळ.

मुळात मातीच्या घराला टक्के लावणंच चुकीचं आहे. एक भिंत गेली की आढं तिरकं होतं, वासे सरकतात, कौलांचं सगळं वजन उरलेल्या तीन भिंतींना बाहेर ढकलतं. कागदावर ती 25 टक्के पडझड. माझ्या दृष्टीनं ते घर संपलं. त्यात माणसांना परत पाठवणं हा गुन्हाच.

शहरातलं म्हणाल तर कर्नाटकचा महानगरपालिका कायदा 1976 चा आहे, धोक्याची इमारत रिकामी करायचा अधिकार आयुक्तांना त्यातच दिलेला आहे. नोटीस निघते. पुढं? भाडेकरू जाणार कुठं, याची तजवीज कुणी करत नाही, म्हणून नोटीस दारावर पिवळी पडते. आणि नवी इमारतसुद्धा सुरक्षित असते असं समजू नका. मार्च 2019 ला धारवाडात कुमारेश्वर नगरची इमारत कोसळली, 19 जण गेले. वर बांधकाम चालू आणि खाली दुकानं सुरू. रोज रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला दिसत होतं, ज्यांनी थांबवायचं त्यांना दिसलं नाही.

येळ्ळूरची लेक
पाहणीचं निघालंच आहे तर माझ्या मावशीचं सांगते. तिच्या घराच्या दोन भिंती गेल्या. पाहणीवाले आले, कागदावर अंगठा घेतला. कागद पूर्ण कानडीत. ती चौथी शिकलेली, तीही मराठी शाळेत. नंतर कळलं की त्यात 'घर पाडून नवीन बांधणार' ऐवजी 'दुरुस्ती करणार' असं लिहिलं होतं. बी मध्ये पाडून बांधलं तर 5 लाख, दुरुस्तीला 3 लाख. तिनं दुरुस्ती कधी मागितलीच नव्हती. घर पुढच्या पावसात राहिलं नाही. बदल करून घ्यायला गेलो तर 'अंगठा तुमचाच आहे ना?' हे उत्तर.

भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांच्या वर असतील तिथं कागद त्यांच्या भाषेतही द्यायचे, हे धोरण जुनं आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीत आम्ही किती टक्के आहोत हे काय वेगळं सांगायला हवं?

निपाणी नाका
झालं! घराच्या प्रश्नात भाषा आलीच. ताई, तुमच्या मावशीवर अन्याय झाला, मान्य. पण प्रत्येक विषय सीमाप्रश्नात नेऊन बुडवायची आपली खोड जाणार कधी? 2019 ला यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं, वाहतूक ठप्प. आमच्या काळजी केंद्रात, म्हणजे पूरग्रस्तांच्या छावणीत, भात वाढणारी पोरं निम्मी कानडी होती. कुणी कुणाला भाषा विचारली नाही. आणि अथणी, रायबागच्या पूरग्रस्तांचं काय? त्यांना सगळे कागद कानडीतच मिळाले, त्यांची मातृभाषा ती. तरी त्यांचे हप्ते अडकलेच की. पाया झाला, फोटो अपलोड झाला, आणि पुढचा हप्ता 'ब्लॉक'. ते काय मराठी होते म्हणून?

माझ्या पोरांना मी कानडी शिकवली. आपल्या लोकांनीही शिकावं, कुणाच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही.

येळ्ळूरची लेक
दादा, पोरांना शिकवा, माझीही शिकतात. साठीतल्या बाईनं भिंत पडल्यावर आधी कानडी शिकायची आणि मग अंगठा द्यायचा का? 'खोड' हा शब्द मागे घ्या. भात वाढणाऱ्या पोरांबद्दल मी एक अक्षर वाईट लिहिलेलं नाही. मी कचेरीबद्दल लिहिलंय. आपण कशाला सही करतोय हे माणसाला कळलं पाहिजे, याला सीमाप्रश्न म्हणत असाल तर म्हणा.

कोल्हापूरकर
म्हणूनच महाराष्ट्रात यायला हवं. सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले आरोग्य योजना 2023 ला इकडच्या सरकारनं लागू केली, तेव्हा तिकडून केवढा विरोध झाला. आमच्याकडे शहरांत 30 वर्षांवरच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे. सी-1 म्हणजे तातडीनं रिकामी करायची. तिकडं आहे का असं काही?

निपाणी नाका
अहो, ऑडिटचं कौतुक करताय तर ऑगस्ट 2020 ला महाडला तारिक गार्डन कोसळली, 16 जण गेले. ती काय जुनी इमारत होती? आणि 2019 ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढताना बोट उलटली, ती कुणाच्या राज्यात? इकडची कचेरी वाईट आणि तिकडची देवमाणसांची, असं नसतं. नदी एकच, पाणी एकच, आणि दोन्हीकडचे साहेब पाणी ओसरल्यावर येतात.

कोल्हापूरकर
तुम्हाला महाराष्ट्राचं एवढं वावडं असेल तर बोलणंच खुंटलं.

निपाणी नाका
वावडं नाही. माझी बहीण कागलला दिली आहे, तिच्याही घरात पाणी शिरलं होतं. तिला काय मिळालं ते मला माहीत आहे, म्हणून बोलतोय. तुमचं तोडून बोलणं मला लागलं.

वडगावचा माग
तुम्ही सगळे भाषेवर भांडताय, आमच्या गल्लीत येऊन बघा. आमचं घर म्हणजेच कारखाना. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत चूल. बळ्ळारी नाल्याचं पाणी घुसलं की आधी मागाचा खड्डा भरतो. ताण्यावर चढवलेलं सूत भिजलं की त्या साडीचं काही होत नाही. लाकूड फुगतं, मोटार जाते. पाहणीवाला भिंतीला हात लावून बघतो, 'भिंत उभी आहे' म्हणतो आणि पुढं जातो. भिंत उभी आहे, पण पोट कशावर भरायचं?

आणि नाला दरवर्षी का भरतो ते कुणी बोलत नाही. त्याच्या काठानं ले-आउट पडले, भराव टाकले. ते काय रात्रीत झाले? कुणीतरी नकाशा बघून शिक्का मारलाय. मारणारा बदली होऊन गेला, पेन्शनही घेत असेल. मूळ धागा याबद्दल होता ना? जबाबदार कोण? मला त्या शिक्क्याखालचं नाव पाहिजे.

साइट इंजिनिअर
हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. परवानगीवर सही असते, पाहणीवरही असते. नसते ती 'हे घर मी मे महिन्यात बघितलं आणि राहण्याजोगं आहे' अशी सही. ती मागितली पाहिजे.

गल्लीतला मालक
ठीक आहे. पडल्यावर पाच लाख देण्यापेक्षा पडायच्या आधी निम्मे द्या, हे मला पटतं. विधवा बाईचं घर 'सी' मध्ये जाणं हे माझ्याच मुद्द्याच्या विरुद्ध जातं असं कुणी म्हणेल, म्हणू दे. पण खरं-खोटं तपासल्याशिवाय पैसे सोडू नका, यावरून मी हटणार नाही. आणि ताईंच्या मावशीचा कागद मराठीत असता तर तो प्रकार झाला नसता, हेही कबूल. मात्र मालकानं काय करायचं याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

जांबोटीकर
मालक, तुमच्या वाड्याचं दुखणं खरं आहे, ते मी नाकारत नाही. मग ऐका. येत्या ग्रामसभेत आम्ही अर्ज देतोय. एक, मे अखेरपर्यंत इंजिनिअर आणि तलाठ्यानं धोक्याच्या घरांची यादी सहीनिशी पंचायतीच्या फळ्यावर लावावी, कानडीत आणि मराठीत. दोन, यादीतल्या घरातली माणसं पावसाळ्यात कुठं राहणार ते त्याच यादीत लिहावं. शाळेची किल्ली कुणाकडे, हेसुद्धा. आमच्याकडे मागच्या वेळी किल्ली शोधण्यात अर्धी रात्र गेली आणि लोक देवळाच्या ओसरीवर भिजत उभे होते. तीन, वारसांचं एकमत नाही म्हणून ताडपत्री, वासे, तात्पुरता निवारा अडवू नये. मालकी कोर्टात ठरू दे, छप्पर आधी. गणेश मंडळाची पोरं घरोघर फिरून फोटो काढायला तयार आहेत. शहरात वॉर्डवार असंच मागता येईल. भाडेकरू घरांसाठी चौथं कलम घालतोय: घर रिकामं करायची नोटीस द्यायची तर पर्यायी जागा पालिकेनं द्यावी, आणि दुरुस्तीनंतर भाडेकरूला परत येता यावं.

गल्लीतला मालक
पहिल्या तिन्हींवर सही करतो. चौथ्यातलं 'परत येता यावं' काढा, मग शहरातले आणखी मालक आणतो.

वडगावचा माग
ते निघणार नाही. आम्ही निम्मे भाडेकरूच आहोत. पहिल्या कलमात नाल्याकाठच्या परवानग्यांची यादीही घाला, नावांसकट.

येळ्ळूरची लेक
मराठी मजकूर मी लिहून देते. निपाणीच्या दादा, कानडी तुमची चांगली आहे, तो मजकूर तुम्ही करा.

निपाणी नाका
करतो. 'खोड' म्हणालो ते तुमच्यासाठी नव्हतं, एवढं समजून घ्या. मजकूर उद्या रात्रीपर्यंत पाठवा. रविवारी मी बहिणीकडे कागलला जाणार आहे.