ट्रॉलीच्या एकाच चाकाचं बेअरिंग सारखं जातंय, ग्रीसही बाहेर येतंय – मदत हवी आहे

वाळवा_ऊसवाहतूक:
ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या लावून ऊस वाहतूक चालते. मागच्या ट्रॉलीचं डावं चाक भरल्या खेपेला तापतं, हबला (चाकाचा ॲक्सलवर फिरणारा मधला भाग) हात टिकत नाही. आतलं मोठं बेअरिंग ३२२११ नंबरचं, ते याच हंगामात बदललं होतं, पुन्हा आवाज करतंय. बाहेरचं छोटं ठीक आहे. सील नवं टाकलं तरी आतल्या अंगानं ग्रीस गळून रिमवर येतं. हबला ग्रीस भरायचं निप्पल आहे, ड्रायव्हर आठवड्याला ग्रीसगन मारतो. उजव्या चाकाला काहीच तक्रार नाही. ग्रीस बदलू, बेअरिंगची कंपनी बदलू, की ॲक्सलच बघायला लागेल?

कराड_फिटर:
कंपनीचा दोष वाटत नाही दादा. आधी गन बंद करा. निप्पल दोन बेअरिंगांच्या मधल्या पोकळीत उघडतं. तिथलं ग्रीस रोलरमध्ये फारसं शिरत नाही, पोकळी भरली की जिकडे वाट सापडेल तिकडे, म्हणजे सीलकडे जातं आणि सीलची ओठी उलटवतं. वर गच्च भरलेलं ग्रीस घुसळून जास्त तापतं ते वेगळंच.

चाक उतरवून हब खोला. जुनं ग्रीस लगेच पुसू नका, आधी बघा. दुधासारखं पांढरट असेल तर पाणी गेलंय. गरम ट्रॉली थेट नदीत धुवायला घातली की हब गार होताना सीलमधून पाणी आत ओढून घेतो. चंदेरी चमक दिसली तर धातू झिजतोय. रोलर निळे-जांभळे पडले असतील तर बेअरिंग नट जास्त आवळल्यानं किंवा ग्रीस संपल्यानं जळालंय.

मग डिझेलनं धुवा, पूर्ण वाळू द्या. कॉम्प्रेसरच्या हवेनं बेअरिंग गरागरा फिरवू नका, कोरडे रोलर लगेच ओरबाडतात. ग्रीस एपी-३ लिथियम घ्या. चासीचं स्वस्त ग्रीस तापल्यावर पातळ होऊन वाहून जातं, इथं चालत नाही. जुन्यात नवं मिसळू नका, सगळं काढूनच भरा. तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन कोनची (रोलर असलेली बेअरिंगची आतली कडी) रुंद बाजू त्यावर दाबत राहा, दुसऱ्या बाजूनं रोलरांच्या फटींतून ग्रीस वर येईपर्यंत. पोकळीत मात्र तिसरा हिस्सा ते फार तर निम्मं.

सीलची स्प्रिंगची बाजू बेअरिंगकडे. सील ज्या जागी ॲक्सलवर बसतं तिथं नखानं तपासा. खाच लागत असेल तर कितीही नवी सीलं घाला, गळणारच.

नट बसवताना चाक फिरवत फिरवत आवळा, जड लागलं की थांबा. मग नटाची एक खाच मागे सोडा आणि भोक जुळेल तिथं स्प्लिट पिन नवी घाला. चाक वर-खाली धरून हलवलं तर जेमतेम जाणवेल एवढीच ढिलाई हवी, शंभराव्या मिलीमीटरमध्ये मोजण्याइतकी. भोक जुळत नाही म्हणून पुढे आवळायचं नाही, मागेच जायचं.

वाळवा_ऊसवाहतूक:
खोललं. ग्रीस काळं, चंदेरी झाक आहे, पाणी नाही. पण आतल्या बेअरिंगचा कप (हबमध्ये बसणारी बाहेरची कडी) हातानंच हबमधून निघाला! कपच्या बाहेरच्या अंगाला आरशासारखी चकाकी आहे. आमचा फिटर म्हणतो, हबमध्ये कपच्या जागेवर पंचनं टोचे मारून घट्ट करतो.

कराड_फिटर:
सापडलं मूळ, कप हबमध्येच फिरतोय. पंच मारू नका. पंचनं उठलेली टोकं झिजली की कप परत फिरतो, आणि मधल्या काळात कप तिरका बसून नवं बेअरिंग खाऊन टाकतो.

मिरज_लेथ:
बरोबर. इथं हब फिरतो आणि वजन सदा एकाच बाजूनं असतं, म्हणून बाहेरचा कप घट्टच हवा. स्टब ॲक्सलवरचा (ॲक्सलचं चाक बसायचं टोक) कोन मात्र हातानं सरकेल असाच असतो, नाहीतर नटानं जुळवता येणार नाही. तिथली किरकोळ ढिलाई बघून घाबरू नका.

हबला मांस (धातूची जाडी) पुरेसं असेल तर भोक वाढवून आत स्लीव्ह (धातूची नळी) ठोकून घ्या. स्लीव्ह बसवल्यावरच शेवटचा बोर (कप बसायचं भोक) काढायचा, तोही बाहेरच्या छोट्या बेअरिंगच्या कपच्या जागेवर सेंटर घेऊन. दोन्ही कप एका रेषेत नसतील तर केलेलं काम वाया. ३२२११ चा बाहेरचा व्यास १०० मिमी, बोर त्याहून ०.०३ ते ०.०५ मिमी कमी ठेवायला सांगा. कप ज्यावर टेकतो तो खालचा खांदा बोरला काटकोनात हवा. हबला चीर दिसली तर स्लीव्हचा नाद सोडून नवा हब घ्या. कप-कोन जोडीनंच बदला, जुन्या कपात नवा कोन नाही.

एक विचारतो, ट्रॉलीला वेल्डिंग करताना अर्थिंगचा चिमटा (अर्थ) कुठे लावतात? रिमला किंवा टायरच्या बाजूला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि रोलरवर बारीक खड्डे पडतात. अर्थ कायम वेल्डिंगच्या शेजारी, चासीलाच.

वाळवा_ऊसवाहतूक:
फाळका वेल्ड करताना अर्थ रिमलाच होता बहुतेक. हब उद्या लेथला नेतो. जोडल्यावर किती दिवस जपून चालवायचं?

कराड_फिटर:
पहिली भरलेली खेप कारखान्याच्या वजनकाट्याला पोहोचली की रांगेत दोन्ही बाजूंचे हब हात लावून बघा. डावा-उजवा सारखाच कोमट हवा. मग ट्रॉली रिकामी झाल्यावर जॅक लावून ढिलाई एकदा परत तपासा, कप बसल्यावर थोडी वाढते. चाकाचे नटही त्याच वेळी आवळून घ्या. जॅक लावताना दुसऱ्या चाकाला दगड विसरू नका, आणि ट्रॉली नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालू नका.